गाडीच्या डब्यातले पाढे

मी किल्ली फिरवली आणि गाडी मेली.

बॉनेटच्या आत घुं करत सुटलेला पंखा थांबला. स्टिअरिंगमागचे लाल-पिवळे दिवे विझले. बॉनेटच्या पलीकडे स्टुलावर लॅपटॉप होता, तो दोनदा टुक टुक वाजला. माझी सून प्राची सकाळपासून स्वतःशी काहीतरी पुटपुटत होती, ती एकदम गप्प झाली. मी घाबरून किल्ली होती तिथे परत फिरवली. काही दिवे लागले, पण इंजिनाचं चित्र असलेला दिवा लागला नाही. उघडं बॉनेट मध्ये होतं म्हणून मला तिचा चेहरा दिसत नव्हता आणि तिला माझा हात दिसला नव्हता. जीपचा मालक बाळाराम बॉनेटखाली वाकलेला होता, त्यानेही काही पाहिलं नव्हतं. माझ्या दुसऱ्या हातात ताकाचा तांब्या होता. तो मी सांडू दिला नाही, एवढंच.

दुपारचे बारा वाजायचे होते. वैशाख होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जीपमधून वज्रेश्वरीकडच्या एका घरचा नवरदेव निघायचा होता.

आता पुन्हा वैशाख लागलाय. भिवंडीजवळच्या आमच्या राहनाळमध्ये वैशाख आला हे कळायला पंचांग लागत नाही. गोदामांच्या पत्र्यांवरून हवा थरथरताना दिसते. ट्रकचे टायर तापतात, त्यांचा वास घरात तव्यापर्यंत येतो. अंगणात वाळत टाकलेलं लुगडं घडी घालेपर्यंत हाताला चटका देतं. डोंगराकडच्या बाया करवंदं आणि जांभळं घेऊन बसने येतात, द्रोण लावून बसतात आणि दुपारच्या आत उठतात, कारण नंतर फळ सुकतं आणि बाईही. दर दुसऱ्या घरी हळद. पूर्वी लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण बसून गायची, तिचा आवाज दोन घरांपलीकडे जात नसे. आता डीजे लागतो आणि माझ्या भांड्यांच्या रॅकमधल्या वाट्या वाजतात. मी त्याबद्दल तक्रार करत नाही. धवलारीण चांगली गायची असंही काही नव्हतं.

भिवंडीचा आवाजही वैशाखात बदलतो. कापडाच्या लूमवरचे कितीतरी कामगार लग्नांसाठी मुलुखाला जातात, लूम बंद पडतात, आणि बाराही महिने चालणारी खटखट विरळ होते. वीज गेली तर ती पार तुटते. मग कावळे ऐकू येतात. आम्ही लहानाचे मोठे त्या आवाजात झालो नाही, आम्ही शेतातले; पण लग्न होऊन मी लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला लागले आणि मग तो आवाज कानात बसला तो बसलाच.

माझे यजमान त्याच कारखान्यात फिटर होते. त्यांच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. लूममध्ये हात घातलेला असताना कुणीतरी पलीकडून विजेचा मेन स्विच चालू केला. नाव सांगण्यात अर्थ नाही, तो माणूसही गेला. त्या दिवसापासून आमच्या घरात एक नियम झाला. यंत्रात कुणाचाही हात गेला की बाजूला उभा असेल त्याने मेन पाडायचा. विचारायचं नाही, वाट बघायची नाही, आधी पाडायचा. पीठ गिरणी असो, पाण्याचा पंप असो, मिक्सर असो. मी माझ्या पोरांच्या पाठीत धपाटे घालून हे शिकवलं. चाळीसेक वर्षं माझा हात डोक्याला न विचारता बटणाकडे जातोय.

त्या दुपारीही तेच झालं. जीपचं इंजिन कसं चालायचं ते सांगणारा एक डबा बॉनेटखाली असतो, प्राची त्यात वायरीने नवीन फाईल भरत होती. तिने आम्हाला दोघांना बजावलं होतं, की आता वीस मिनिटं किल्लीला हात लावायचा नाही, दार उघडायचं नाही, काही करायचं नाही. मी ऐकलं होतं. मला कमी ऐकू येतं असं कुणी म्हणू नये. पण फाईल जाता जाता इंजिनाचा पंखा आपोआप सुरू झाला. काही गाड्यांत तसं होतं, डबा कामात गुंतलेला असला की पंखा स्वतःच सुटतो. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं, की पंखा फिरतोय आणि बाळाराम नवा बसवलेला पाइप चाचपायला कोपरापर्यंत हात आत घालून उभा आहे. मी ड्रायव्हरच्या खिडकीपाशी होते. खिडकी उघडी होती.

बाळारामचा हात पंख्यापासून चांगला लांब होता. पंख्याला जाळीही होती. हेही नंतर कळलं.

आता प्राचीबद्दल सांगायला हवं. ती भिवंडी शहरातली. वडील शाळेत कारकून, घरात पुस्तकं, बोलणं स्वच्छ. गाड्यांचा डिप्लोमा केलेली. लग्नाआधी ठाण्याला एका मोठ्या वर्कशॉपमध्ये कामाला होती. माझ्या महेशने तिला पसंत केलं तेव्हा आमच्या भावकीत म्हणाले, की हिला भात लावता येईल का. तोवर भाताची अर्धी जमीन गोदामांखाली गेली होती, पण विचारायचं ते विचारलंच. नात शाळेत जायला लागल्यावर तिने आमच्या रिकाम्या शेडमध्ये टेबल मांडलं, एक लॅपटॉप, गाडीला जोडायचं एक छोटं यंत्र, वायरींचा गुंता, आणि सांगितलं की मी गाड्यांच्या इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून देणार. गाडी उघडायची नाही, हात काळे करायचे नाहीत, स्टिअरिंगखाली एक भोक असतं त्यात वायर खुपसायची. मला ती सरळ फसवणूक वाटली. शेजारची म्हणायची, तुमची सून गाडीला सलाईन लावते, आता फक्त संत्री घेऊन बघायला जायचं राहिलं. मीही हसले होते.

शेडवर महेशचा डोळा होता. त्यात वाईट काही नाही, तो व्यवहार बघतो. पलीकडच्या गोदामवाल्याला ऑफिससाठी ती जागा हवी होती आणि तो दर आठवड्याला विचारत होता. जमीन माझ्या नावावर आहे, म्हणून महेश मला विचारत होता. मी सांगितलं होतं, वैशाख संपू दे. तोवर तिच्याकडे गाड्या आल्या आणि नीट होऊन गेल्या तर शेड तिची, नाही तर तू दे कुणाला द्यायची ती. प्राचीला हे माहीत होतं. तिने काही मागितलं नाही, काही म्हटलं नाही. चैत्रात दोन-तीन गाड्या झाल्या, त्या ओळखीतल्या. बाळारामची जीप ही पहिली अशी, की जिच्याकडे सगळा रस्ता बघत होता. त्याची जीप रोज वज्रेश्वरी-भिवंडी करायची, तिच्यात दहा माणसं आणि दहा तोंडं. ती बिघडून गेली असती तर संध्याकाळपर्यंत अंबाडीपर्यंत सगळ्यांना कळलं असतं, आणि शेडमध्ये दुसऱ्या महिन्यात गोदामवाल्याची खुर्ची आली असती.

बाळारामचं दुखणं साधं होतं. भरलेली जीप चढणीला दम तोडायची. मागे काळा धूर, पुढे बैलगाडीचा वेग. एकदा तर त्याला चार बाप्यांना खाली उतरवून चालत वर यायला सांगावं लागलं. तो माझ्या यजमानांच्या ओळखीतला, मला वयनी म्हणायचा. मला म्हणाला, "वयनी, पॅसिंजर उतरवायचा म्हंजे ड्रायव्हरनी कपरे उतरवल्यासारखा हाय." शब्दाच्या मध्ये आलेल्या ड चा त्याच्या तोंडी र व्हायचा.

कुणीही म्हटलं असतं, आण गाडी, वाढवते ताकद. प्राचीने तसं केलं नाही. तिने आधी वायर लावून गाडीकडून आकडे मागवले. हवा किती आत येते, किती दाबाने येते, किती तापलेली येते. मग तिने लॅपटॉप बंद केला आणि हात काळे केले. हवेचा फिल्टर काढला, तो झटकला तर समोरचं मांजर पळालं. इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोकडून येणारा रबरी पाइप खालून चिरला होता, भरलेली हवा तिथून निसटत होती. ती म्हणाली, काका, आधी हे बदला. फुटक्या हंड्यात किती पाणी ओतायचं हे मी ठरवणार नाही. फिल्टर आणि पाइप बदलल्यावरच जीप अर्धी सुधारली. बाळाराम खूश होऊन निघाला होता. तिनेच थांबवलं, की उरलेलं अर्धं बाकी आहे.

त्या उरलेल्या अर्ध्यासाठी आम्ही जीपमध्ये भाताची पोती भरली. माणसांच्या वजनाची पोती, आणि एका सीटवर मी. प्राची पुढे लॅपटॉप मांडीवर घेऊन, बाळाराम गाडी चालवत. चढणीवर ती सांगायची, आता तिसऱ्यात दाबा, आता सोडा, आता पुन्हा दाबा, आणि लॅपटॉपवर रेघा वरखाली होत होत्या. रस्त्यावरचे लोक आम्हाला बघत होते. पोत्यांमध्ये बसलेली म्हातारी बघून एकाने विचारलं, काय, बाजारला चालल्या का. मी म्हटलं, हो, मीच विकायची आहे. घाम मानेवरून पाठीत उतरत होता, पोत्यांना कोंड्याचा वास होता, आणि मला पहिल्यांदा वाटलं की ही पोरगी फसवत नाहीये. फसवणारा माणूस एवढी पोती उचलत नाही.

त्या रात्री जेवताना मी तिला विचारलं, त्या डब्यात असतं तरी काय. तिने एकदाच समजावलं आणि मला कळलं, कारण मला पाढे येतात.

मी चौथी शिकले. आमच्या शाळेच्या भिंतीवर पाढ्यांचा तक्ता होता. वरच्या ओळीत एक ते दहा, डाव्या बाजूला खाली उतरत एक ते दहा. सातच्या रांगेतून आणि आठच्या रांगेतून बोटं सरकवत आणली की जिथे भेटतात तिथे छप्पन्न. गुणाकार करायचा नाही, नुसतं बघायचं. गाडीच्या डब्यात असेच तक्ते असतात. वरच्या ओळीत इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते. बाजूच्या रांगेत ड्रायव्हरने पेडल किती दाबलंय ते. दोन्ही भेटतात त्या चौकोनात एक आकडा लिहिलेला असतो, की आता इतकं डिझेल सोड. दुसऱ्या तक्त्यात ते डिझेल नेमकं कधी सोडायचं. तिसऱ्यात टर्बोने किती हवा दाबून भरायची. हवा तापली असेल तर त्यातून किती कमी करायचं, याचा आणखी एक. असे कितीतरी. डबा दमत नाही, एका सेकंदात अनेकदा बोट सरकवून आकडा वाचतो आणि इंजिनाला सांगतो.

प्राची तो डबा बदलत नाही. तक्ता बाहेर काढून घेते, त्यातल्या काही चौकोनांतले आकडे बदलते, आणि तक्ता परत आत ठेवते. लूमवर डॉबी असायची, तिची मला आठवण झाली. लाकडी पट्ट्यांची साखळी फिरायची, पट्टीत जिथे खुंटी ठोकलेली तिथला धागा वर, जिथे नाही तिथला खाली. लूम तोच, सूत तेच, मोटर तीच. खुंट्या दुसऱ्या जागी ठोकल्या की साध्या कापडाच्या जागी चौकडी निघायची. आमच्या कारखान्यात खुंट्या ठोकणाऱ्या माणसाला मालकसुद्धा चहा द्यायचा. तो कुणाशी बोलत नसे, कारण मोजणं चुकलं तर ठाण आख्खं वाया.

मी तिला विचारलं, मग कंपनीने आकडे आधीच बरोबर का नाही लिहिले, त्यांना पाढे येत नव्हते का. ती हसली. म्हणाली, आई, त्यांचे बरोबरच आहेत. तीच गाडी बर्फात जाणार आणि वाळवंटातही, कुणी भेसळीचं डिझेल घालणार, कुणी दोन वर्षं तेल बदलणार नाही. सगळ्यांचं निभावं म्हणून त्यांनी हात राखून लिहिलंय. मला फक्त ही एक गाडी माहीत आहे, हा एक रस्ता आणि हे एक वजन. म्हणून त्या राखलेल्यातलं थोडं मी सोडवू शकते. थोडंच. बाळाराम म्हणत होता की जरा जास्तच सोडव, तर तिने त्याला सांगितलं होतं, "काका, इंजिनात अजून आहे, पण तुमच्या क्लचमध्ये नाही." गाडीची वॉरंटी असेल तर ती या कामाने जाते, हेही ती प्रत्येकाला आधी सांगते. मी तिला म्हटलं होतं, असं सांगितलंस तर गिऱ्हाईक येईल का. ती म्हणाली, जे येतील ते पुन्हा येतील.

तिचं काम बघत बसायला मला आवडू लागलं, तसं मी तिला सांगितलं नाही. ती आधी जुनी फाईल काढून दोन ठिकाणी जपून ठेवायची, दोन्ही उघडून बघायची, मगच पुढे. एका चौकोनातला आकडा वाढवला की शेजारच्या चौकोनांकडेही बघायची, कारण एकच उंच ठेवला तर गाडी तिथे ठेच लागल्यासारखी हिसका देते. म्हणून कडेकडेने उतरतं आणायचं, शेताचा बांध घालतो तसं. शेवटी सगळ्या आकड्यांची मिळून एक बेरीज डब्यात लिहिलेली असते, तीही नव्याने जुळवायची. बेरीज जुळली नाही तर डबा समजतो की कुणीतरी आत हात घातलाय, आणि इंजिन चालू होऊ देत नाही. मला हे फार पटलं. हिशेब न जुळणारी वस्तू घरात घ्यायची नाही, हे त्या डब्यालाही कळतं.

आणि अशा सगळ्या सांभाळलेल्या कामात मी खिडकीतून हात घातला.

डबा आधी जुनं पुसतो, मग नवं लिहितो. मी किल्ली फिरवली तेव्हा जुनं पुसून झालं होतं आणि नवं अर्धं आलं होतं. म्हणजे भिंतीवरचा तक्ता पुसला होता आणि नवा लिहिणाऱ्याच्या हातातला खडू मी हिसकावून घेतला होता. प्राचीने दोनदा पुन्हा प्रयत्न केला. डबा वायरीला उत्तर देईना. बाळारामने किल्ली मारून बघितली, स्टार्टर हलला नाही. तो म्हणाला, "सूनबाय, मेली काय?"

प्राची लॅपटॉपकडे बघतच म्हणाली, "माझ्याकडून झालं, काका. बघते."

तेवढ्यात महेश जेवायला घरी आला होता, तो शेडच्या दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं. तो तिला काही बोलला नाही, मला पाण्याच्या टाकीपाशी घेऊन गेला. हळू आवाजात म्हणाला, की आई, आता तरी ठरव, आज जीप आहे, उद्या कुणाची दुसरी असेल, आपल्याला गावात राहायचंय. त्याचा सूर वाईट नव्हता. मी ओच्याने तोंड पुसलं आणि गप्प राहिले.

किती वेळ गप्प राहिले ते सांगते, कारण ते लपवून काही उपयोग नाही. ताक वाटून झालं, भांडी विसळून झाली, तेवढा वेळ. मला वाटत होतं की ती म्हणालीच आहे ना माझ्याकडून झालं, तर आता मी बोलून काय होणार. असंही वाटत होतं की शेड गेली तर गेली, पोरीला दुसरीकडे नोकरी मिळेल. माणूस स्वतःची चूक झाकायला किती पटकन दुसऱ्याचं भलं शोधतो. माझ्या यजमानांची बोटं गेली तेव्हा ज्याने मेन चालू केला होता तोही असाच गप्प बसला होता. मी त्याला आयुष्यभर शिव्या दिल्या.

मी शेडमध्ये गेले. प्राचीने जीपच्या बॅटरीची वायर सोडली होती आणि बॉनेटखालून चपटा, काळा डबा काढून टेबलावर ठेवला होता. महेश आणि बाळाराम दोघंही तिथे होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "किल्ली मी बंद केली."

प्राचीने मान वर केली नाही. ती म्हणाली, "माहीत आहे, आई. इथे लिहून आलंय. फाईल जाता जाता किल्ली बंद."

"मग मघाशी बोलली का नाहीस?"

"डबा उघडायचा होता. भांडायला वेळ नव्हता."

यापेक्षा चांगलं उत्तर मी माझ्या आयुष्यात ऐकलेलं नाही. बाळाराम हसला आणि मग त्याला आठवलं की गाडी त्याची आहे, म्हणून थांबला. मी त्याला सांगितलं, की तुझा हात आत दिसला म्हणून मी फिरवली. तो आपला हात उलटा सुलटा करून बघू लागला, जणू मी तो आत्ताच परत दिला होता.

त्यानंतरचे दोन तास मी कडेला बसून पाहिले. डब्याचं झाकण चिकटवलेलं असतं, पाणी जाऊ नये म्हणून. तिने गरम हवेने ते मऊ केलं, पातळ पात्याने चारही बाजूंनी हळूहळू सोडवलं. वैशाखाच्या दुपारी पत्र्याखाली गरम हवेची बंदूक. तिच्या हनुवटीवरून घाम गळायचा, तर तिने कपाळाला पट्टी बांधली, की आत थेंब नको. झाकण निघालं. आत हिरवी पाटी आणि तिच्यावर मुंग्यांएवढे तुकडे. तिने भिंग लावलं आणि सुईसारखी टोकं दोन-तीन ठिकाणी टेकवली. स्टिअरिंगखालच्या दारातून डबा उत्तर देत नव्हता, म्हणून ती आता मागच्या दाराने गेली होती. ते दार कारखान्यात पहिल्यांदा डबा भरताना वापरतात.

तेव्हाच बाहेरची खटखट तुटली. वीज गेली. आम्ही चौघांनीही वर पाहिलं आणि कावळे ऐकले. महेशने डब्याला वीज द्यायला ट्रॅक्टरची बॅटरी उचलून आणली आणि विचारलं, कुठली वायर कुठे. त्या दिवसातलं त्याचं मला एवढंच फार आवडलं.

डब्याने उत्तर दिलं. लॅपटॉपवर चार ओळी उमटल्या आणि प्राचीने खुर्चीला पाठ टेकली. बाळाराम म्हणाला, आता नवीन घाल. ती म्हणाली, आधी होतं तसं. जपून ठेवलेली जुनी फाईल तिने आत लिहिली, पुन्हा वाचून घेतली, अक्षर अक्षर जुळवलं. मग डबा तात्पुरता झाकून जीपमध्ये बसवला. पहिल्याच किल्लीला जीप सुरू झाली, तशीच, जशी सकाळी आली होती. तिने बाळारामला विचारलं, की जुनीच ठेवू, की पुन्हा नवी घालू. उद्या नवरदेव आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मला राग येणार नाही.

बाळारामने विडी काढली, प्राचीने शेडमध्ये पेटवू दिली नाही, ती त्याने परत ठेवली. म्हणाला, "घाल. उलट्याची सुलटी केलीस, आता सुलट्याचा भ्या कशाला?"

मी उठून घरात जायला निघाले, मला वाटलं माझं तिथे नसणं बरं. प्राचीने हाक मारली. म्हणाली, "आई, तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर बसा. फाईल जाईपर्यंत किल्लीजवळ कुणाला येऊ देऊ नका." मी बसले. पंखा पुन्हा आपोआप सुटला. वीस मिनिटं माझे दोन्ही हात मांडीखाली होते. महेशने एकदा खिडकीतून आत डोकावलं, तर मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मागे सरला.

दुसऱ्या दिवशी नवरदेव, त्याची करवली, बाप, मामे आणि एक पेटी घेऊन जीप चढणीवर चढली. दुपारी बाळाराम लग्नाच्या लाडवांचा पुडा घेऊन आला. प्राचीने लॅपटॉप उघडून त्याला काही विचारायला सुरुवात केली, धूर किती, पाणी तापलं का. त्याने सगळं सांगितलं, पण त्याचं सांगून झालं नव्हतं. पुडा माझ्या हातात देताना म्हणाला, "वयनी, कुनी उतरला न्हाय."

संध्याकाळी मी महेशला सांगितलं की शेड द्यायची नाही, गोदामवाल्याला तू उद्याच कळव. तो म्हणाला, तुला अपराधी वाटतंय म्हणून तू असं म्हणतेस. मी म्हटलं, अपराध मी सगळ्यांसमोर कबूल केला, तो फिटला. शेड तिला यासाठी, की गाडी चांगली असताना ती चांगली करणारे पुष्कळ आहेत. मेलेली गाडी समोर असताना जिने भांडण सोडून डबा उघडायला घेतला, अशी आपल्या घरात एकच आहे. महेशने थोडा विचार केला आणि म्हणाला, ट्रॅक्टरची बॅटरी मी आणली होती. मी म्हटलं, हो, आणली होतीस.

यंदाही शेडसमोर गाड्या उभ्या आहेत. काल्हेरकडची पोरं येतात, मागून काळा धूर काढून दे म्हणतात, आवाज फटफट करून दे म्हणतात. प्राची त्यांना परत पाठवते. एकाने मला विचारलं, की आजी, तुमच्या सुनेला येत नाही का ते. मी सांगितलं, तिला येतं, म्हणून करत नाही. दुपारी ऊन शेडच्या आत पाच फूट येतं, तेवढी जागा सोडून मी बसते. तक्त्यातले आकडे मला आता लॅपटॉपवर ओळखू येतात, कुठला रंग म्हणजे जास्त आणि कुठला म्हणजे कमी तेही. काय बदलायचं ते मला कळत नाही आणि ते मी शिकणारही नाही. बघणं पुरे आहे.

बाळाराम मागच्या भाद्रपदात साखरेच्या दुखण्याने गेला. जीप त्याचा पुतण्या चालवतो, ती चढणीवर अजून कुणाला उतरवत नाही. प्राची शेडमध्ये आहे. मी आहे.